कॉमर्सनंतर नर्सिंग: अडलेलं सायन्स कुठून धरायचं

इंदूरमध्ये सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर या पट्ट्यात मी बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवते. पूर्वी येणारी मुलं अकरावी-बारावीची असत. आता त्यांच्या जोडीला २६, ३०, क्वचित ३३ वर्षांच्या मुली आणि सुना येतात. कुणी खासगी बँकेत काउंटरवर बसलेली, कुणी शाळेत क्लार्क. कुणी आजारी सासूबाईंचं सगळं केलेलं, आणि ते करता करता ‘हे काम आपल्याला जमतं’ हे कळलेलं. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच: “काकू, नर्सिंग करायचंय, पण सायन्सशी संबंध दहावीतच सुटला.”

बहुतेक जणी येताना बारावीचं जाडजूड पुस्तक घेऊन येतात आणि मोल कन्सेप्टच्या तिसऱ्या पानावर अडतात. गाठ तिथे दिसत असली तरी ती बसलेली असते आठवी ते दहावीत: दशांश, गुणोत्तर, एकक बदलणं, अणू-रेणू. ती तिथेच जाऊन सोडवावी लागते. पण त्याही आधी एक काम आहे, ते म्हणजे तुम्हाला बारावीचं सायन्स खरोखर लागतं का, हे पाहणं.

आधी दार ठरवा

नर्सिंगला जायची तीन दारं आहेत आणि प्रत्येकाची अट वेगळी. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षं) साठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं, तिन्ही मिळून किमान ४५ टक्के, आणि इंग्रजीत उत्तीर्ण. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा (३ वर्षं), यासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजीसह ४० टक्के हवेत आणि वय १७ ते ३५. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ (२ वर्षं), यालाही आर्ट्स किंवा सायन्स दोन्ही चालतं.

हे देशपातळीवरचे किमान नियम झाले. आपल्याकडे प्रवेशासाठी भोपाळचं कर्मचारी चयन मंडल, म्हणजे जुनं व्यापमं, चाचण्या घेतं: बी.एस्सी.साठी पीएनएसटी, जीएनएमसाठी जीएनटीएसटी. राज्याच्या नियमपुस्तिकेतली अट परिषदेपेक्षा कडक असू शकते. म्हणून ‘जीएनएमला सायन्स लागत नाही’ असं मावशीच्या जावेने सांगितलं तरी त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून पात्रतेचं पान स्वतः वाचा. मागच्या वर्षीची पुस्तिका नको. त्यातच १९४७ च्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोग आणणारा २०२३ चा कायदा झालेला आहे, त्यामुळे येत्या काळात नियम हलणारच.

माझं मत विचाराल तर ३० च्या आसपास असाल, घराला तुमचा पगार लागत असेल आणि नियमात बसत असाल, तर जीएनएम करा. ती दुय्यम वाट नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. एम्सच्या नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेलाही जीएनएम चालतं, फक्त किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. मात्र जीएनएम घेतलं म्हणजे सायन्समधून सुटका झाली असं समजू नका. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र आहे. म्हणजे खालचा अभ्यास दोघींनाही करायचाच आहे. जीएनएमवालीला फक्त बोर्डाची परीक्षा नाही.

बारावीचं सायन्स नव्याने: एनआयओएस

बी.एस्सी.च करायचं असेल आणि बारावी कॉमर्सची असेल, तर व्यवहारातला रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. परिषदेच्या नियमांत एनआयओएसमधून सायन्स आणि इंग्रजी घेऊन आलेले विद्यार्थी पात्र धरलेले आहेत. फिजिक्स ३१२, केमिस्ट्री ३१३, बायोलॉजी ३१४, इंग्रजी ३०२ हे विषयांचे कोड. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात ९ संधी मिळतात. नोकरी करणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे: एका खेपेला बायोलॉजी, पुढच्या खेपेला केमिस्ट्री, असं तोडून देता येतं.

आधीच बारावी झालेल्यांना ‘पार्ट अ‍ॅडमिशन’ घेऊन फक्त हवे ते विषय देता येतात. पण त्यात गुणपत्रिका मिळते, नवं प्रमाणपत्र मिळत नाही. जुनी कॉमर्सची बारावी आणि नवी तीन विषयांची गुणपत्रिका असे दोन कागद जोडून तुमचा अर्ज चालेल का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या, तेही लेखी. चयन मंडलाला आणि मनात असलेल्या कॉलेजला ई-मेल करा आणि उत्तर छापून फाइलला लावा. फोनवर “हो हो, चलेगा” म्हणणारा माणूस प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर नसतो.

सगळ्यात मोठा खड्डा टक्क्यांचा आहे. एनआयओएसमध्ये ३३ टक्क्यांना विषय सुटतो, पण नर्सिंगला तिन्ही मिळून ४५ टक्के हवेत, म्हणजे ३०० पैकी १३५. (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत आहे.) पास झाले म्हणून पेढे वाटले आणि अर्ज भरताना ११८ ची बेरीज निघाली, असं होतं. म्हणून पहिल्या दिवशीच वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवा: बायोलॉजी ६०, केमिस्ट्री ४२, फिजिक्स ३८, एकूण १४०. म्हणजे बायोलॉजी तुम्हाला ओढून नेईल आणि फिजिक्सने फक्त पाय ओढू नये. तिन्ही विषयांवर सारखाच वेळ घालवणं हा शाळकरी मुलांचा हिशेब झाला, तो तुमचा नाही.

तिन्ही विषयांत लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २० गुणांचं. शिवाय टीएमए, म्हणजे घरी लिहून द्यायचे स्वाध्याय. नोकरदार मंडळी इथेच ढिलाई करतात. प्रात्यक्षिकाचे २० गुण म्हणजे फिजिक्सच्या तुमच्या ३८ पैकी जवळपास निम्मे. अभ्यास केंद्राने तारीख दिली की त्या दिवसाची रजा आधी मंजूर करून घ्या.

पुस्तक उघडण्याआधी पंधरा मिनिटं

कॅल्क्युलेटर न घेता हे सोडवा:

०.२५ ग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम?
५०० मिली सलाइन ८ तासांत द्यायचं, तर ताशी किती मिली?
५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर किती ग्रॅम?
एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन असेल, तर २० युनिटसाठी किती मिली?

उत्तरं अशी: २५० मिग्रॅ, ६२.५ मिली, २५ ग्रॅम, ०.५ मिली. चारही बरोबर आली तर पुढचा टप्पा पटकन उरका. दोन चुकली तर लाजायचं कारण नाही, पण बारावीचं पुस्तक महिनाभर बंद ठेवा. वॉर्डात हाच हिशेब जिवाशी येतो. आपल्याकडे ४० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने आणि १०० युनिटचं नारिंगी टोपीच्या सिरिंजने देतात. ४० वालं औषध चुकून नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला २० ऐवजी ८ च युनिट मिळतात. हे गुणोत्तर ज्या बाईला बोटांवर येतं, तिचं निम्मं सायन्स झालं असं मी मानते.

पहिला महिना: मागे जा

घरी मराठी वाचता येत असेल तर बालभारतीचं नववीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ आणि दहावीचे त्याचेच दोन भाग घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंदूरच्या मराठी माणसाचं शिक्षण बहुधा हिंदी किंवा इंग्रजीत झालेलं असतं, तरी ही पुस्तकं आईच्या भाषेत भरभर डोक्यात जातात. हिंदीत सोपं जात असेल तर एनसीईआरटीची नववी-दहावी. फक्त लक्षात ठेवा, एनसीईआरटीच्या नव्या दहावीतून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा काढून टाकलेला आहे आणि तुम्हाला तो हवा. खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी आवृत्ती मागा.

वाचायचं काय? अणूची रचना, संयुजा, रासायनिक समीकरण तोलणं, आम्ल-आम्लारी, पेशी, पचन-श्वसन-अभिसरण-उत्सर्जन, बल आणि दाब, विद्युतधारा, भिंग. बाकी सोडून द्या. प्रत्येक धड्यानंतर पुस्तक मिटून एका पानावर आठवेल ते लिहा आणि मग उघडून ताडून पाहा. नुसतं पिवळ्या पेनाने रंगवलेलं परीक्षेत आठवत नाही.

अवयवांची नावं तीन भाषांत फिरतात म्हणून पहिल्या दिवसापासून तीन रकान्यांची वही ठेवा. आपलं जठर हिंदी पुस्तकात आमाशय होतं, स्वादुपिंडाचं अग्न्याशय होतं, आणि डॉक्टर स्टमक, पॅन्क्रियाज म्हणतात. तिन्ही लिहा, पण उत्तराचा सराव ज्या माध्यमात पेपर देणार त्याच माध्यमात करा.

केमिस्ट्री: सलाइनच्या बाटलीपासून

सगळ्यात जास्त रडवणारा विषय हाच, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

मोलची व्याख्या पाठ करून काही होत नाही. नॉर्मल सलाइनची बाटली घ्या. ०.९ टक्के, म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम आणि एक लिटरमध्ये ९ ग्रॅम सोडियम क्लोराइड. आता सोडियमचं अणुवस्तुमान २३, क्लोरीनचं ३५.५, बेरीज ५८.५. म्हणजे ५८.५ ग्रॅम मीठ हा एक मोल. मग ९ ग्रॅममध्ये किती? ९ भागिले ५८.५, उत्तर ०.१५४ मोल, म्हणजेच १५४ मिलिमोल. आता बाटलीचं लेबल वाचा, सोडियम १५४ असं छापलेलं सापडेल. वहीतला आकडा बाटलीवर भेटला की बायकांचे चेहरे बदलतात. टक्केवारी, मोल, मोलॅरिटी असे तीन धडे एका बाटलीत संपतात.

इथूनच परासरण. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी का देत नाहीत? कारण पाणी तांबड्या पेशींत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. आणि फार खारट द्रव दिला तर पेशींतलं पाणी बाहेर येऊन त्या आक्रसतात. स्वयंपाकघरात बटाट्याच्या दोन चकत्या घ्या, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या दाट पाण्यात, तासाभराने वाकवून बघा. द्रावणांचा अख्खा धडा मग एवढा परका वाटत नाही.

पीएचला लोक घाबरतात ते लॉगरिदममुळे. एवढंच धरा: पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टीत राहतो. ७.४ वरून ७.१ वर आला तर फरक दिसायला ०.३ चा, पण हायड्रोजन आयन जवळपास दुप्पट झाले. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं बायकार्बोनेट सांभाळून ही पट्टी राखतात. बफरचा धडा म्हणजे हेच. दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडला की रक्त आम्लधर्मी का होतं, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की रासायनिक समतोलाची निम्मी लढाई जिंकलात.

ऑरगॅनिकमध्ये सुरुवातीला फक्त क्रियात्मक गट ओळखा: अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन, कार्बोक्झिलिक आम्ल, अमाइन. मग थेट जैवरेणूंवर या, म्हणजे कर्बोदकं, प्रथिनं, मेद, एन्झाइम. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रातलं बायोकेमिस्ट्री आणि पोषण यावरच उभं आहे. समन्वय संयुगं, लांबलचक अभिक्रियांची नावं वगैरे परीक्षेच्या महिन्यापुरती ठेवा. ४२ गुणांसाठी ती सगळी लागत नाहीत.

बायोलॉजी: पाठांतर कमी, चित्र जास्त

इथे गुण मिळतात. मानवी शरीराचे धडे आधी, वनस्पती नंतर, पण वनस्पती अजिबात सोडू नका, कारण पेपरात त्यांचा वाटा असतो. हृदयाचे चार कप्पे, नेफ्रॉन, चेताकोशिका, फुप्फुसातले वायुकोश यांच्या आकृत्या हाताने इतक्या वेळा काढा की कोऱ्या पानावर नावांसह उतरतील. मानवी आरोग्य आणि रोग, सूक्ष्मजीव, जनुकशास्त्र हे पुढे कॉलेजात सरळ कामाला येतं.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या नव्या आवृत्तीत पचन आणि शोषणाचा धडा काढून टाकला आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला पचनसंस्था माहीत नाही हे चालायचं नाही. तो एनआयओएसच्या साहित्यातून किंवा जुन्या आवृत्तीतून वाचा. एनआयओएसची परीक्षा देणार असाल तर तसंही मुख्य पुस्तक त्यांचंच धरा, एनसीईआरटी जोडीला.

फिजिक्स: ३८ गुणांपुरतं

फिजिक्सवर प्रेम जडावं अशी माझी अपेक्षा नाही. मापन आणि एककं, न्यूटनचे नियम, कार्य-ऊर्जा, द्रवांचा दाब, उष्णता, विद्युतधारा, भिंग, अणू आणि केंद्रक, अर्धवाहकांतली लॉजिक गेट्स, एवढ्यावर गणितं कमी आणि गुण जास्त. त्यातला द्रवांचा दाब मात्र मनापासून करा. बीपी अजूनही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये का मोजतात, सलाइनची बाटली वर का टांगतात, रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला हिरवी १८ नंबरची सुई का आणि निळी २२ ची का नाही? (सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, आणि नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळापट कमी होतो.) थेंबांचा हिशेबही इथेच बसवून टाका: ५०० मिली, ८ तास, २० थेंबांना एक मिली होणारा सलाइनचा सेट. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब.

वेळ आणि शिकवणी

नोकरी लगेच सोडू नका. पहिली परीक्षा बायोलॉजी आणि इंग्रजीची द्या, निकाल हातात आला की पुढचं ठरवा. रोज दीड तास सलग आणि रविवारी चार तास निघत असतील, तर पहिल्या महिन्याच्या पायाभरणीनंतर दोन परीक्षांच्या खेपांत तिन्ही विषय होतात. घरात लहान मूल असेल तर तीन खेपा धरा आणि कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका.

इंदूरच्या कोचिंग क्लासेसच्या भागात, भंवरकुआंला, नीटच्या बॅचमध्ये नाव घालायचा मोह होतो. माझा सल्ला नको असा आहे. तिथला वेग आणि प्रश्नांची काठिण्यपातळी डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आहे. तुम्हाला तेवढं लागत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात ‘आपल्याला जमणारच नाही’ असं वाटायला लागतं. त्यापेक्षा होळकर सायन्स कॉलेजात एम.एस्सी. करणारी एखादी मुलगी गाठा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी फक्त केमिस्ट्री-फिजिक्सच्या अडचणी घेऊन बसा. बायोलॉजी स्वतः होते. घरात शांतता नसेल तर भंवरकुआंचा खरा उपयोग तिथल्या मासिक फीच्या अभ्यासिकांचा आहे.

आणि एकदा ओळखीतल्या कुणा नर्सकडे जाऊन बसा. एमवाय या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात काम करणारी असेल तर उत्तम. रात्रपाळी आठवड्यात किती, उभं राहून पाय किती सुजतात, पहिला मृत्यू पाहिल्यावर काय झालं, हे विचारा. हे ऐकूनही जायचं असेल तरच फॉर्म भरा.

कॉलेज निवडताना डोळे उघडे

मध्य प्रदेशात हा टप्पा वगळून चालत नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआयकडून तपासणी झाली, आणि बरीच कॉलेजं निकषांत बसत नसल्याचं निघालं. २०२४ मध्ये तर तपास पथकातल्याच काही अधिकाऱ्यांना अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. या गोंधळात अनेक बॅचच्या परीक्षा रखडल्या. तिशीत नोकरी सोडून आलेल्या बाईला वाया गेलेली दोन वर्षं परवडत नाहीत.

म्हणून कॉलेजचं नाव त्याच वर्षीच्या मान्यता यादीत स्वतः शोधा: राज्याच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलच्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावर. मग त्यांचं स्वतःचं किंवा संलग्न रुग्णालय कुठे आहे ते विचारा आणि दुपारी न सांगता जाऊन या. बी.एस्सी.च्या कॉलेजला १०० खाटांचं पालक रुग्णालय लागतं. खाटा आहेत पण रुग्ण नाहीत, प्रयोगशाळेला कुलूप आहे, आणि ऑफिसात “अटेंडन्स की चिंता मत करो” असं कुणी हसत सांगितलं, तर चहा न पिता निघा. हजेरी न मागणारं कॉलेज तुम्हाला सुई धरायलाही शिकवणार नाही.

अर्जासाठी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, एनआयओएसची गुणपत्रिका, मूळ निवासी प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, आणि शिक्षणात पडलेल्या खंडाचं नोटरी केलेलं शपथपत्र काढून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधार आणि गुणपत्रिकेतलं नाव जुळवायचं काम सगळ्यात आधी हातात घ्या. त्याला केमिस्ट्रीपेक्षा जास्त वेळ लागलेला मी पाहिला आहे.